उष्टावणानंतरचे महिने

२०११ सालची संक्रांत. आमच्या जामनेरच्या घरी भाच्याचे बोरन्हाण होते. पोर अकरा महिन्यांचे, काळे झबले, हलव्याचे दागिने, डोक्यावर हलव्याचाच मुकुट. अंगणात चादर अंथरली होती. बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, तिळाच्या रेवड्या आणि भुईमुगाच्या सोललेल्या शेंगा असे सगळे एका मापट्यात कालवून बाळाच्या डोक्यावरून ओतले गेले. भोवतालची मुले वेचायला धावली. गडबड, हसणे, छायाचित्रे. घरातली सर्वांत वृद्ध बाई, वडिलांची चुलती, ओट्यावर बसून होती. तिने एकदाच आवाज दिला, "दाढा आल्याबिगर त्याले दाना नको देऊ व माय." वहिनीने ऐकले असावे, नसावे. कुणी तरी म्हणाले, "आजी, एका दाण्याने काय होतं?" तोवर बाळाने मांडीवर पडलेला एक शेंगदाणा मुठीत धरून तोंडात टाकलाही होता.

ठसका लागला. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आले. पाठीवर थापट्या मारल्या, आणि थोड्या वेळाने बाळ शांत झाले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पुढचे तीन आठवडे त्याचा खोकला गेला नाही. छातीत बारीक शिटी वाजे. थंडीचे दिवस, सर्दी असेल, म्हणून औषधाच्या दोन-तीन बाटल्या झाल्या. अखेर एका डॉक्टरांनी दोन्ही बाजूंना नळी लावून नीट ऐकले आणि उजव्या फुप्फुसात हवा कमी जाते आहे हे ओळखले. जळगावला दुर्बिणीने श्वासनलिकेतून अर्धा शेंगदाणा निघाला. पोर वाचले, आज ते धडधाकट आहे. म्हणूनच हे शांतपणे लिहिता येते.

मराठीच्या अध्यापकाने बालसंगोपनावर लिहावे काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. माझे कुतूहल मात्र त्या एका वाक्याविषयी आहे. दाढा येईपर्यंत दाणा नको, हे ज्ञान निरक्षर आजीकडे कुठून आले? आणि सोळा संस्कारांची सविस्तर नोंद ठेवणाऱ्या आपल्या परंपरेत ते कुठे लिहिलेले आहे? या शोधात जे हाती लागले त्याची ही मांडणी आहे.

*

अन्नप्राशनाविषयी ग्रंथ काय म्हणतात ते आधी पाहू. आश्वलायन आणि पारस्कर ही दोन्ही गृह्यसूत्रे सहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगतात. मनुस्मृतीही चौथ्या महिन्यात बाळाला घराबाहेर न्यावे आणि सहाव्यात अन्न द्यावे असे म्हणते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात (१९४१) संस्कारांचा विचार केला आहे. त्या अंगाने पाहू लागले की दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली गोष्ट काळाची. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली पहिले सहा महिने केवळ स्तनपान आणि त्यानंतर पूरक आहार अशी शिफारस केली. तिच्या कितीतरी शतके आधी सूत्रकारांनी तोच महिना निवडला होता. यावरून लगेच 'आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण त्याच सूत्रांनी दही आणि तूप यांच्याबरोबर मधही सांगितला आहे. वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, असे आजचे वैद्यक निक्षून सांगते. मधात क्वचित असणाऱ्या जंतुबीजांतून बोट्युलिझम हा घातक विकार तान्ह्या मुलांना होऊ शकतो. परंपरा एके ठिकाणी बरोबर ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी चुकते. तिच्याकडे तशाच नजरेने पाहावे लागते.

दुसरी गोष्ट पदार्थांची. आश्वलायनाच्या सूत्रात बापाच्या इच्छेप्रमाणे अन्न बदलते. भरपूर अन्न मिळावे ही इच्छा असेल तर बोकडाचे मांस, ब्रह्मवर्चसासाठी तित्तिर पक्ष्याचे मांस आणि तेजासाठी तूपभात. पुढच्या काळात यातले मांस गळाले आणि तूपभात व खीर उरली. आज डॉक्टर सांगतात की सहाव्या महिन्यानंतर आईच्या दुधातून मिळणारे लोह बाळाला पुरत नाही, म्हणून डाळी, अंडे, मांस यांसारखे लोह पुरवणारे अन्न लवकर सुरू करावे. अशा वेळी गळालेल्या ओळी पुन्हा वाचाव्याशा वाटतात. आमच्याकडे तर बाळाला महिनोन् महिने वरणावरचे निवळ पाणी पाजण्याची चाल आहे. पाणी पोटात जाते आणि डाळ पातेल्याच्या तळाशी राहते.

तरीही या सर्व वर्णनांत एक उणीव राहते. सूत्रांना दिवस दिसतो, महिने दिसत नाहीत. मुहूर्त, मंत्र, पात्र आणि पहिला घास यांची माहिती मिळते. पुढे तर अन्नप्राशनानंतर बाळासमोर पुस्तक, शस्त्र, वस्त्र अशा वस्तू मांडून ते कशाला हात घालते यावरून त्याची उपजीविका ताडण्याचा, म्हणजे जीविकापरीक्षेचा, विधीही जोडला गेला. बाळ हात पुढे करते आणि वस्तू पकडते, हे सूत्रकारांनी पाहिले होते. पण तोच हात उद्या ताटाकडे जाईल, तेव्हा ताटात काय असावे आणि काय नसावे, हे लिहून ठेवणे त्यांना आवश्यक वाटले नाही.

*

मराठीतला 'उष्टावण' हा शब्द मला 'अन्नप्राशना'पेक्षा अधिक अर्थपूर्ण वाटतो. 'उष्टे' हा शब्द संस्कृत 'उच्छिष्टा'वरून आला. खाऊन उरलेले, तोंड लागलेले ते उच्छिष्ट. दूध पिणाऱ्या बाळाला उष्टे-खरकटे नसते. ज्या दिवशी त्याच्या तोंडाचा स्पर्श अन्नाला होतो, त्या दिवसापासून ते अन्न उष्टे करू शकते, म्हणजेच जेवणाऱ्या माणसांच्या पंगतीत बसते. मामाच्या मांडीवर बसवून चांदीच्या वाटीतली खीर सोन्याच्या अंगठीने चाटवण्याची रीत अनेक घरांतून आजही आहे. 'उष्टावण' हा शब्द बाळाच्या बाजूने बोलतो. 'भरवणे' हा शब्द मोठ्यांच्या बाजूने बोलतो. आपल्या घरांत पहिला शब्द एका दिवसापुरता असतो आणि दुसरा पुढची चार वर्षे पुरतो.

वैद्यकाचे ग्रंथ मात्र धर्मग्रंथांहून बाळाच्या अधिक जवळ जातात. काश्यपसंहिता हा बालरोगांवरचा प्राचीन ग्रंथ खंडित स्वरूपात नेपाळमध्ये सापडला आणि राजगुरू हेमराज शर्मा यांच्या प्रस्तावनेसह १९३८ साली प्रकाशित झाला. त्यात सहाव्या महिन्यात फलप्राशन, म्हणजे फळे चाखवणे सांगितले आहे. खरे अन्नप्राशन दात आल्यावर किंवा दहाव्या महिन्यात आहे. म्हणजे घन अन्नाकडे जाण्याची वाट या ग्रंथात पायऱ्यापायऱ्यांची आहे. बाळाला जमिनीवर थोडा वेळ बसवण्याचा विधीही तिथे याच सुमारास येतो. बाळ बसू लागणे, त्याचा हात आणि त्याचे खाणे यांचा संबंध आज पुन्हा सांगितला जातो. आधाराने बसता येणे, मान सावरता येणे आणि तोंडात आलेली वस्तू जिभेने बाहेर ढकलण्याची उपजत क्रिया ओसरणे ही घन अन्न सुरू करण्याची लक्षणे मानली जातात.

वाग्भटाने तर दूध सुटलेल्या बाळासाठी मोदक सांगितले आहेत. चारोळीचा गर, ज्येष्ठमध, मध, साळीच्या लाह्या आणि खडीसाखर यांचा एक मोदक तृप्ती देणारा. कोवळे बेलफळ, वेलदोडा, साखर, लाह्या आणि सातू यांचा दुसरा भूक वाढवणारा. पदार्थांची ही यादी नीट पाहावी. त्यात चारोळी आहे ती गर म्हणून, धान्य आहे ते लाही किंवा पीठ म्हणून. कडक आणि अखंड दाणा कुठेच नाही. वाग्भटाने कारण दिलेले नाही. आजीनेही दिले नव्हते.

*

जामनेर तालुक्यातून वाहणारी वाघूर नदी अजिंठ्याच्या डोंगरातून येते. ज्या घोड्याच्या नालेसारख्या कड्यात अजिंठ्याची लेणी कोरली आहेत, त्याच्या तळातून ती वाकून जाते आणि पुढे आमच्या शिवारांतून तापीकडे निघते. या लेण्यांतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या विहारात, मुख्य गर्भगृहाच्या उजव्या अंगाला, हारीती आणि पांचिक यांचे छोटे देवघर आहे. ते पाचव्या शतकातले आहे. हारीतीच्या मांडीवर मूल आहे आणि खालच्या पट्टीत गुरुजींसमोर बसलेली, खोड्या करणारी मुले कोरलेली आहेत. सहलीला आलेले विद्यार्थी छतावरची चित्रे पाहतात आणि बहुधा इथे थांबत नाहीत.

हारीतीची कथा मूळची भयाची आहे. ती यक्षिणी. स्वतःची शेकडो मुले असूनही ती राजगृहातली दुसऱ्यांची मुले खाई. बुद्धाने तिचे सर्वांत धाकटे पोर आपल्या भिक्षापात्राखाली लपवले. ती वेडीपिशी होऊन शोधत आली, तेव्हा तिला दुसऱ्या आयांचे दुःख कळले. मग तिने विचारले की माझ्या मुलांनी आता खायचे काय? बुद्धाने उत्तर दिले की विहारातल्या भिक्षूंच्या अन्नातला वाटा रोज तुला मिळेल. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी प्रवासी इत्सिंग सांगतो की विहारांच्या ओसरीत किंवा भोजनगृहाच्या कोपऱ्यात हारीतीची प्रतिमा असे आणि तिला रोज अन्नाचा नैवेद्य दाखवला जाई.

ही कथा मी वर्गात अनेकदा सांगितली होती. भाच्याच्या प्रसंगानंतर तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागले. मुले खाणारी आणि मुले राखणारी ही एकच शक्ती आहे, आणि तिचे रूप बदलते ते अन्नाच्या वाट्याने. ज्या समाजात दूध सुटण्याच्या वयाची मुले पटापट दगावत होती, त्याला अन्न आणि मृत्यू यांचे सान्निध्य ठाऊक होते. ते त्याने देवतेच्या रूपात कोरून ठेवले. सटवाई, जिवती, षष्ठी या आपल्याकडच्या मातृदेवतांचे कूळही याच भयाचे आणि याच आशेचे आहे. भय कोरले गेले. मूल जगवण्याची रोजची रीत मात्र कोरली गेली नाही, कारण ती चुलीपाशी होती.

*

चुलीपाशी काय होते? घरातल्या बायकांकडून मी जमेल तेवढे विचारून घेतले. तांदूळ आणि मूगडाळ भाजून, जात्यावर भरडून शिजवलेले खिमट. मऊ गुरगुट्या भात. ज्वारीच्या भाकरीचा वरचा पापुद्रा काढून दुधात किंवा वरणात कुस्करलेला. दादर ज्वारीच्या पिठाची पातळ पेज. पिकलेले केळे, आणि केळ्यांच्या या जिल्ह्यात ते बारमाही. बाळ बसू लागले की त्याच्या हाती भाकरीचा जाड कड दिला जाई. ते तो हिरड्यांनी चघळी, लाळेने भिजवी. तुकडा मोडण्याइतका मऊ झाला की तो काढून घेऊन दुसरा कड देत. काही घरांत आई किंवा आजी स्वतः घास चावून बाळाला देई. ही पद्धत जगभर अनेक समाजांत होती. लाळेतून रोग पसरतात म्हणून आज ती सोडून द्यायला सांगितले जाते, पण ज्या काळात दात हेच घरातले सर्वांत बारीक दळण होते, त्या काळात तिचा अर्थ समजू शकतो.

भाकरीचा कड हातात देणे आणि तो वेळेवर काढून घेणे, हे सगळे ज्ञान 'वेळेवर' या शब्दात आहे. ते सांगता येत नाही, शेजारी बसून शिकावे लागते. सून सासूशेजारी किंवा बाळंतपणाला आलेली लेक आईशेजारी बसे तोवर ते टिकले. बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) गाणी मुलाने आणि आप्ताने उतरवून घेतली, १९५२ साली ती छापली गेली, म्हणून महाराष्ट्राला कळले की असोद्याच्या एका निरक्षर शेतकरणीजवळ केवढे जग होते. तिच्या पिढीच्या खानदेशी बायकांजवळ मूल वाढवण्याचेही एक शास्त्र होते. ते उतरवून घ्यायला कुणी बसले नाही. गाणे ऐकणाऱ्याला थांबवते. घास भरवणे रोजचे असल्यामुळे दिसतच नाही.

या मौखिक शास्त्राला मर्यादाही होत्या. आजीच्या वाक्यातला 'दाना' घ्या. भुईमूग हे मूळचे दक्षिण अमेरिकेचे पीक. आश्वलायनाला किंवा वाग्भटाला ते ठाऊक असणे शक्य नव्हते. खानदेशच्या काळ्या-मध्यम जमिनीत ते स्थिरावले आणि मग बोरे, ऊस, घाटे या जुन्या मेळ्यात शेंगदाणा सामील झाला. जुनी काळजी नव्या दाण्याला लावण्याचे काम बायकांनीच केले. विधीने मात्र ती काळजी घेतली नाही. बोरन्हाणाची यादी वाढत गेली आणि बाळ त्या यादीच्या मधोमध बसून राहिले.

*

शेंगदाण्याने पाश्चात्त्य वैद्यकाचाही बराच काळ घेतला. १८९७ साली जर्मनीत गुस्ताव किलियान याने एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेला हाडाचा तुकडा नळीतून पाहून प्रथमच बाहेर काढला. त्यापूर्वी छातीत गेलेली वस्तू हा बहुधा मृत्यूचाच निरोप असे. पुढे अमेरिकेत शेव्हालिये जॅक्सन (१८६५–१९५८) याने या तंत्राला पूर्णत्व दिले. त्याने रुग्णांच्या गळ्यांतून आणि फुप्फुसांतून काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत नाणी, टाचण्या, गुंड्या, बिया आणि दाणे आहेत. शेंगदाण्याचे तेल श्वासनलिकेच्या अस्तराला सूज आणते आणि दाणा फुगतो, म्हणून बाळांच्या बाबतीत तो विशेष घातक ठरतो, हे त्याने दाखवले आणि त्या विकाराला शेंगदाण्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. घशात अडकलेली वस्तू बोट घालून काढायला जाऊ नये, ती आणखी खाली जाते, हेही तो परोपरीने सांगे. दाढा नसलेल्या मुलांना असे दाणे देऊ नयेत, हा त्याच्या शिकवणुकीचा भाग होता. फिलाडेल्फियाचा डॉक्टर आणि जामनेरच्या ओट्यावरची म्हातारी एकाच वाक्यापाशी पोहोचली. एकाकडे दोन हजार वस्तूंचा पुरावा होता, दुसरीकडे कदाचित एखाद्याच पोराची आठवण असेल. कुणाचे पोर, ते आम्ही तिला विचारले नाही. आता विचारता येणार नाही.

बाळाने स्वतःच्या हाताने खावे काय, या प्रश्नालाही इतिहास आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी नुकतेच दूध सुटू लागलेल्या मुलांसमोर साध्या, न मिसळलेल्या पदार्थांची ताटे ठेवली आणि त्यांना हवे ते, हवे तेवढे घेऊ दिले. मुले बोटांनी खात, सांडत, फेकत. पुढे एकूण १५ मुलांवर, काहींवर कित्येक वर्षे, हे निरीक्षण चालले आणि मुले चांगली वाढली. ताटात फक्त सकस अन्नच ठेवले होते, ही या प्रयोगाची खरी मेख होती. तिचा उल्लेख डेव्हिस बाईंनी स्वतः केला, पण पुढे तो पुष्कळांनी विसरला. २००८ साली इंग्लंडच्या गिल रॅपली यांनी 'बाळाच्या कलाने घन अन्न' या विचारावर पुस्तक लिहिले आणि लांब कापलेल्या मऊ भाज्या-फळांचे तुकडे बाळाच्या हाती देण्याची पद्धत शहरी मराठी घरांतही पोहोचली. आमच्याकडचा भाकरीचा कड आता परदेशी नावाने परत आला, असे म्हणता येईल.

मधल्या काळात बाजार आला. १९३९ साली सिंगापुरात सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी, तान्ह्या मुलांना आईचे दूध तोडून गोड डबाबंद दूध पाजायला लावणे ही हत्याच आहे, असे भर सभेत सांगितले होते. भारतात १९६० च्या सुमारास म्हशीच्या दुधापासून शिशुअन्न तयार करण्याचे तंत्र म्हैसूरच्या अन्न संशोधन संस्थेने विकसित केले आणि अमूलने ते बाजारात आणले. परदेशी डब्याला देशी पर्याय ही त्या काळी मोठी गोष्ट होती. त्याचबरोबर गुटगुटीत बाळाचे चित्र असलेला डबा आजीच्या खिमटापेक्षा प्रतिष्ठित झाला. १९९२ साली शिशुदुग्धपर्याय, दुधाच्या बाटल्या आणि शिशुअन्न यांचे नियमन करणारा कायदा आला, २००३ मध्ये तो अधिक कडक होऊन दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अन्नाची जाहिरात बंद झाली. कायद्याने डब्यावरचे बाळ पुसले. खिमटाची गेलेली प्रतिष्ठा परत आणणे हे काही कायद्याचे काम नव्हते.

ते काम काही अंशी अंगणवाडीने केले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात रुजवलेली ही कल्पना १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे गावोगाव गेली. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांच्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने २००१ साली महाराष्ट्रातले बालमृत्यू चव्हाट्यावर आणले. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात दोन वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आल्याचे दिसले. ही सुधारणा खरी होती. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९–२१) सांगते की ६ ते २३ महिन्यांच्या भारतीय बालकांपैकी पुरेसा आणि पुरेशा प्रकारांचा आहार मिळतो तो सुमारे ११ टक्क्यांना. महाराष्ट्राचा आकडा त्याहूनही कमी आहे. उष्टावण बहुतेक घरांत होते. पोकळी आहे ती उष्टावणानंतरच्या महिन्यांत.

*

तेव्हा या महिन्यांत काय करावे, ते आजच्या ज्ञानाच्या आधारे लिहून ठेवणे मला कर्तव्य वाटते. आजीचे वाक्य निसटले तसे हेही निसटू नये.

बाळाची श्वासनलिका साधारण त्याच्याच करंगळीएवढी अरुंद असते. म्हणून त्या आकाराचे गोल, कडक किंवा निसरडे काहीही त्याच्या हाती पडू नये. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, घाटे, बोरे, द्राक्षे, मक्याच्या लाह्या, गोळ्या, कच्चे गाजर आणि सफरचंदाचे कडक तुकडे हे सगळे त्यात आले. हातात द्यायचा पदार्थ अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये सहज चेंगरला पाहिजे. सहाव्या-सातव्या महिन्यात बाळ पूर्ण मुठीने धरते, म्हणून तुकडा मोठ्यांच्या बोटाएवढा लांब असावा, मुठीच्या वर त्याचे टोक यावे. त्यासाठी उकडलेला लाल भोपळा, रताळे, गाजर, पिकलेले केळे, मऊ शिजवलेल्या वांग्याची फोड चालते. नवव्या महिन्याच्या सुमारास चिमूट जमू लागते, तेव्हा तुकडे लहान करता येतात. द्राक्ष द्यायचेच तर उभे चार भाग करून. शेंगदाणा वर्ज्य नाही, अख्खा दाणा वर्ज्य आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या इंग्लिश अभ्यासाने तर असे दाखवले की ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना शेंगदाणा लवकर, बारीक करून दिल्यास ती ॲलर्जी पुष्कळ टळते. दाण्याचे बारीक कूट पेजेत कालवून देता येते. इसब असलेल्या किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळासाठी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. वर्षाच्या आत मध नको, आणि मीठ-साखर जितकी लांबेल तितकी बरी.

खाताना बाळ सरळ बसलेले असावे. आडवे, रांगते, रडते किंवा हसते बाळ आणि तोंडातला घास यांची गाठ घालू नये. समोर एक मोठे माणूस बसलेले असावे, आणि त्याच्या हातात दुसरे काम नसावे. उबळ आणि गुदमरणे यांतला फरक ओळखावा. उबळ आवाज करते, चेहरा लाल होतो, बाळ घास स्वतः पुढे ढकलते. तेव्हा थांबावे आणि पाहावे. गुदमरणे निःशब्द असते. आवाज फुटत नाही, खोकला येत नाही, ओठ निळसर होतात. तेव्हा वर्षाखालील बाळाला आपल्या हातावर पालथे, डोके खाली करून धरावे, दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्याव्यात, मग उताणे करून छातीच्या मध्यावर पाच दाब द्यावेत, वस्तू निघेपर्यंत किंवा बाळ रडेपर्यंत हे आलटून पालटून करावे, आणि दुसऱ्या कुणी १०८ ला फोन करावा. बाळ निपचित पडले तर लगेच छातीदाब आणि कृत्रिम श्वास सुरू करावा. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये. तान्ह्या बाळाचे पोट दाबू नये. १९७४ साली डॉ. हाइमलिक यांनी सांगितलेली पोट दाबण्याची युक्ती वर्षाखालील बाळांसाठी नाही. आणि ठसक्यानंतर सगळे शांत झाले तरी पुढे खोकला किंवा शिटी टिकली, तर डॉक्टरांना तो ठसका आवर्जून सांगावा. आम्ही तो सांगायला विसरलो होतो. शेंगदाणा क्ष-किरणात दिसत नाही.

*

आजी पुढच्याच वर्षी गेली. तिचे ते वाक्य आमच्या घरात आता म्हण झाले आहे, थोडे हसत, थोडे कानकोंडे होत म्हटले जाते. बोरन्हाण आम्ही सोडलेले नाही. लहान बाळांच्या निमित्ताने भोवतालच्या पोराटोरांना ऋतूची फळे वेचू देणारा हा विधी मला अजूनही गोड वाटतो. एवढेच बदलले की आता चादरीवर बाळाला मांडीवर घेऊन बसणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे असतात, बोरे-दाणे डोक्यावरून न ओतता भोवती उधळले जातात, आणि ते वेचून होईपर्यंत बाळाला खाली सोडले जात नाही.

मागच्या संक्रांतीला घरात पुन्हा एक बोरन्हाण झाले, चुलतभावाच्या मुलीचे, दहा महिन्यांच्या. तो भाचा आता उंच झाला आहे, मिसरूड फुटू लागले आहे. सगळे उधळून झाल्यावर तो चादरीवर गुडघे टेकून वाकला आणि झालरीच्या घडीत अडकलेले दोन शेंगदाणे त्याने शोधून काढले. ते स्वतःच्या तोंडात टाकले. मग केळ्याची लांब फोड कापून त्याने ती बाळाच्या मुठीत दिली, आणि ती कुस्करून खाऊन होईपर्यंत तिच्यासमोर बसून राहिला.